मॅग्नेशियमच्या ४ सेंटिमीटर फितीतून इतका हायड्रोजन आला कुठून?

रानजाई (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, रसायनशास्त्रवाल्यांची मदत हवी आहे. लेकीची अकरावीची परीक्षा संपली आणि बारावीचं प्रोजेक्ट आत्तापासूनच मानगुटीवर बसलंय. विषय तिनेच निवडला: मॅग्नेशियमवर आम्ल टाकायचं, निघणारा हायड्रोजन मोजायचा आणि त्यावरून किती धातू विरघळला ते उलट काढायचं. माझ्या भावाच्या क्लासमध्ये (कोथरूड) छोटीशी लॅब आहे, तिथे आम्ही दोघींनी मिळून केलं.

कृती अशी: ५० मिलीच्या ब्युरेटमध्ये (मिलीच्या खुणांची, टोकाला नळ असलेली लांब काचेची नळी) आधी १० मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, वरून भिंतीलगत अगदी हळू पाणी सोडून काठोकाठ भरलं. मॅग्नेशियमच्या फितीचा ४ सेंटिमीटरचा तुकडा तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत अडकवला, भोकाचं बूच लावलं, बोट धरून ब्युरेट बीकरमधल्या पाण्यात उलटा. आम्ल जड असल्याने खाली सरकतं आणि फितीपर्यंत पोचलं की बुडबुड्यांची नुसती धांदल उडते. बघायला फार सुंदर दिसतं, खरंच.

आता अडचण. फीत ०.०४० ग्रॅम. मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान २४.३. १ मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) धातूला १ मोल हायड्रोजन, १ मोल वायू म्हणजे २२.४ लिटर. गणिताने यायला हवा ३६.९ मिली. आम्हाला आला ४५.५ मिली. तीनदा केलं, ४५.३, ४५.५, ४५.७. कमी आला असता तर म्हटलं असतं कुठेतरी गळला. जवळजवळ पाऊणपट नाही, सव्वापट येतोय!

तिच्या शिक्षकांना दाखवलं तर म्हणाले, "प्रयोग चुकलाय, जर्नलमध्ये ३७ च्या आसपास लिही." ती घरी येऊन रडली. मलाही ते पटलेलं नाही. तीन वेळा सारखाच आकडा येतो, तो चुकीचा कसा?

टिवल्याबावल्या

ताई, पुण्यात प्रयोग केलात ना? मग मूळ अपेक्षेपेक्षा थोडं जास्त सुनावलं जाणारच. 😀
जाणकारांची वाट बघतोय, खुर्ची ओढून बसलो आहे.

कोयनाकाठ

रानजाईताई, लेकीला आधी सांगा, तिचा प्रयोग अजिबात चुकलेला नाही. मी ३१ वर्षं ज्युनियर कॉलेजात हा विषय शिकवला आहे. तीन आकडे ०.४ मिलीच्या आत येणं ही शाबासकीची गोष्ट आहे.

चूक २२.४ मध्ये आहे. ती संख्या ० अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पारा या दाबाची. तुमच्या लॅबमध्ये ० अंश नव्हतं. वायू तापला की फुगतो. ३० अंश धरलं तर ३६.९ ला ३०३ ने गुणून २७३ ने भागा. झाले ४०.९.

दुसरी गोष्ट. तो वायू पाण्यावर जमवला आहे, म्हणजे ब्युरेटमध्ये नुसता हायड्रोजन नाही, पाण्याची वाफही आहे. ३० अंशाला पाण्याचा बाष्पदाब ३१.८ मिलिमीटर. बाहेरच्या हवेचा दाब हायड्रोजन आणि वाफ दोघं मिळून पेलतात. वाफेने आपला वाटा उचलला की हायड्रोजनच्या वाट्याला कमी दाब उरतो, आणि कमी दाबाला वायू जास्त जागा घेतो. त्या दिवशीचं तापमान आणि हवेचा दाब कळवा, मी गणित करून देतो.

स्वल्पविराम

काकांना पूरक: हल्लीच्या काही पुस्तकांत २२.७ दिसेल. आयुपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ अॅटमॉस्फिअरऐवजी १ बार केला, तेव्हापासून १ मोलचे २२.७ लिटर. आपल्याकडच्या गाइडांमध्ये दोन्ही आकडे सुखेनैव नांदतात. कोणता वापरलात ते लेकीने लिहून ठेवावं.

रानजाई

काका, मनापासून आभार. तिला वाचून दाखवलं, चेहरा खुलला.

पाण्याचं तापमान ३० होतं. दाब हवामानाच्या साइटवर बघितला, पुणे, त्या दिवशी संध्याकाळी १००७ हेक्टोपास्कल. म्हणजे ७५५ मिलिमीटर. त्यातून ३१.८ वजा केले, ७२३.५ उरले. ४०.९ गुणिले ७६० भागिले ७२३.५ म्हणजे ४३.०.

जवळ आलो, पण आमचा आकडा अजून अडीच मिली वरच आहे. हे अडीच मिली सोडून द्यायचे का? लेक म्हणते नाही सोडायचे.

अटकेपार

लेकीला माझ्यातर्फे कडक सॅल्यूट. ते अडीच मिली सोडू नका, सगळी गंमत त्यातच आहे.

मी डेन्व्हरला असतो. समुद्रसपाटीपासून बरोबर १ मैल उंच, १६०९ मीटर. इथे मास्टर्सच्या पहिल्या सत्रात मुलांना प्रयोगशाळेत मदत करायचं काम होतं, तेव्हा हीच चूक मी स्वतः केली आणि वीस जणांच्या तुकडीला करायला लावली. हवामानाच्या साइटवर किंवा अॅपवर जो दाब दिसतो तो तुमच्या खोलीतला दाब नसतो. तो समुद्रसपाटीला आणलेला दाब असतो. असं करतात कारण वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांची तुलना करून नकाशावर कमी-जास्त दाबाचे पट्टे काढायचे असतात. हवामानाच्या कामाला ते योग्यच आहे. पण तुमच्या ब्युरेटला समुद्राशी काही देणंघेणं नाही, त्याच्यावर कोथरूडची हवा बसलेली आहे.

पुणे साधारण ५६० मीटरवर. तिथला खरा दाब ७१० च्या आसपास असणार. बऱ्याच मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असतो, त्याचा आकडा दाखवणारं अॅप घ्या आणि त्याच खोलीत बघा.

(आमच्याकडे खरा दाब ६३० च्या आगेमागे असतो. २० अंशाला तुमची हीच ०.०४० ग्रॅमची फीत ४९ मिली देईल. ब्युरेट जेमतेम पुरेल!)

रानजाई

अटकेपार!!! अंगावर काटा आला.

भावाच्या फोनमध्ये सेन्सर आहे. त्याने आत्ता लॅबमध्ये जाऊन बघितलं: ९४८ हेक्टोपास्कल. म्हणजे ७११ मिलिमीटर. साइट आजही १००७ च दाखवतेय.

७११.१ वजा ३१.८ म्हणजे ६७९.३. त्यावरून ४५.८!!

आमचे ४५.५. लेक खोलीभर नाचतेय.

कोयनाकाठ

वा! साताऱ्यात इतकी वर्षं काढली, मुलांचे आकडे दरवर्षी चढेच यायचे. मी तापमानाची दुरुस्ती शिकवली, बाष्पदाबाची शिकवली आणि दाब मात्र फळ्यावर ७६० लिहीत आलो. सातारा पुण्याहूनही थोडा उंचच. ज्या मुलांना मी "वाचन नीट घेतलं नाहीस" म्हटलं ती आज डोळ्यांसमोर येतायत. अटकेपार, धन्यवाद.

तर्कट

आनंदावर विरजण घालायचं नाही, पण आकडा जुळला म्हणून प्रयोग बरोबर होता असं होत नाही. दोन चुका एकमेकींना खाऊनही आकडा जुळतो. म्हणून तीन प्रश्न.

१. ०.०४० ग्रॅम कशावर तोललं? क्लासमधला तराजू ०.०१ ग्रॅमचा असेल तर ते ०.०३५ ही असू शकतं आणि ०.०४५ ही.

२. ब्युरेटच्या ५० च्या खुणेपासून नळापर्यंत बिनखुणांची जागा असते. उलटा केल्यावर वायू आधी तिथेच भरतो. ती धरली का?

३. वाचताना ब्युरेटमधली आणि बीकरमधली पाण्याची पातळी सारखी केली होती का? आत पाणी वर चढलेलं असेल तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे वायू फुगलेला.

रानजाई

प्रश्न आवडले, अगदी मुद्द्याचे.

१. यात आम्हाला सोनारकाकांनी तारलं. त्यांच्या काट्यावर मिलिग्रॅम दिसतो. ५० सेंटिमीटर फीत तोलली, ०.५०० ग्रॅम. त्यातून ४ सेंटिमीटर कापली. छोटा तुकडा तोलण्यापेक्षा लांब फीत तोलून पट्टीने कापायची युक्ती लेकीची.

२. धरली. नळ बंद करून ५० च्या खुणेपर्यंत पाणी भरून मोजलं, ४.२ मिली.

३. ... नाही केली. आत पाणी बीकरपेक्षा बरंच वर होतं. पट्टीने मोजलेलं नाही, पण ७-८ सेंटिमीटर नक्की.

तर्कट

मग ८ धरू. पारा पाण्याच्या १३.६ पट जड, म्हणजे ८० मिलिमीटर पाणी = साधारण ६ मिलिमीटर पारा. तुमचे ४५.५ खरे ४५.१ असणार. म्हणजे अपेक्षेपेक्षा ०.७ ने कमी. आता नवा प्रश्न: कमी का?

पातळी सारखी करायला ब्युरेटचं तोंड अंगठ्याने दाबून तो एका खोल बादलीत न्या, आत-बाहेर पाणी एका रेषेत येईपर्यंत खाली करा आणि मग वाचा. आणि घाई नको. अभिक्रियेत उष्णता निघते, वायू गार व्हायला दहा मिनिटं द्या.

गजरेवाली

तुमच्या गणितातलं मला फारसं कळत नाही, पण एक विचारू का? माझं डोंबिवलीला पार्लर आहे. केसांच्या कलरबरोबर जो डेव्हलपर येतो त्याच्यावर २० व्हॉल्यूम, ३० व्हॉल्यूम, ४० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. कोर्स करताना सांगितलं होतं, २० म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. पण व्हॉल्यूम का म्हणतात ते बाईंनाही माहीत नव्हतं. ते ह्यातलंच आहे का?

कोयनाकाठ

गजरेवालीताई, अगदी ह्यातलंच! २० व्हॉल्यूम म्हणजे तुमच्या बाटलीतल्या १ मिली द्रावणातून, हायड्रोजन पेरॉक्साइड पूर्ण विघटित झालं तर, २० मिली ऑक्सिजन निघतो (० अंश, ७६० मिलिमीटरला). वायू मोजून द्रावणाची ताकद सांगायची ही जुनी पद्धत बाटलीवर अजून टिकून आहे. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतं तेही २० व्हॉल्यूमचंच. तुमच्या बाईंनी सांगितलेले टक्केही बरोबर.

गजरेवाली

अगंबाई! म्हणजे रोज हाताळते ती बाटली वायूच्या मापाने विकत घेते मी!
मग उघडून ठेवलेली जुनी बाटली अजून २० ची आहे की उतरली, हे घरी मोजता येईल? उतरलेल्या डेव्हलपरने कलर नीट बसत नाही, गिऱ्हाईक आमच्या नावाने खडे फोडतं.

कोयनाकाठ

येईल. क्रीम डेव्हलपर फार फेसाळतो, म्हणून औषधाच्या दुकानातल्या पाण्यासारख्या पेरॉक्साइडवर आधी हात बसवा. बाटलीच्या बुचातून एक बारीक नळी आणि एक सुईची सिरिंज. बाटलीत पाण्यात कालवलेलं चिमूटभर यीस्ट. नळीचं दुसरं टोक पाण्याने भरून उलट्या केलेल्या मोजपात्राखाली. सिरिंजने बरोबर १ मिली पेरॉक्साइड आत सोडा. बुडबुडे थांबले की वाचा आणि त्यातून १ मिली वजा करा, कारण आत शिरलेल्या १ मिली द्रावणाने तेवढीच हवा बाहेर ढकललेली असते. हे हमखास विसरतं.

डोंबिवली जवळपास समुद्रसपाटीलाच. २८ अंशाला ताज्या २० व्हॉल्यूमचे साधारण २३ मिली यायला हवेत. तुम्हाला किती येतात ते सांगा.

बॉयलरवाला

धागा वाचून रात्रपाळ्या आठवल्या. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाउसला होतो. आमचं वायू मोजायचं यंत्र म्हणजे ऑर्सॅट. लाकडी पेटी, त्यात १०० मिलीचा काचेचा ब्युरेट, त्याभोवती पाण्याचं काचेचं आवरण, शेजारी तीन काचेचे फुगे आणि रबरी नळीला लटकणारी पातळीची बाटली.

धुराड्याच्या वाटेतून धूर खेचायचा, बरोबर १०० मिली. मग तो पहिल्या फुग्यात ढकलायचा, त्यात कॉस्टिक पोटॅश. ते कार्बन डायऑक्साइड पिऊन टाकतं. चार-पाच वेळा आत-बाहेर करून परत ब्युरेटमध्ये आणायचा, बाटली उचलून पातळी मिळवायची आणि वाचायचं. १४ मिली घटला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड १४ टक्के. दुसऱ्या फुग्यात पायरोगॅलॉल, तिथे ऑक्सिजन जातो, आणखी ६ घटला. तिसऱ्यात क्युप्रस क्लोराइड, कार्बन मोनॉक्साइडसाठी. तिथे काही घटलं नाही तर चिपाड नीट जळतंय.

क्रम चुकवला की सगळं मुसळ केरात. पायरोगॅलॉल कॉस्टिकमध्ये कालवलेलं असतं, त्यामुळे ते कार्बन डायऑक्साइडही गिळतं. आणि तिसरा फुगा ऑक्सिजनही गिळतो. म्हणून ज्याला जे मिळेल ते घेणारा शेवटी बसवायचा.

ऑक्सिजन जास्त दिसला की भट्टीत हवा जादा चाललीय, पेटवलेली उष्णता धुराड्यातून आभाळात. मोनॉक्साइड दिसला की हवा कमी. दोन्हीकडे चिपाड वाया. तुमच्या धाग्याशी संबंध असा की इथे दाब-तापमानाची दुरुस्ती लागत नाही, कारण तोच वायू स्वतःच्याच आधीच्या मापाशी ताडतो. फक्त मध्येच तापमान हलता कामा नये, म्हणून ते पाण्याचं आवरण. जानेवारीच्या पहाटे भट्टीच्या बाजूला पाठ आणि पेटीकडे तोंड करून ते वाचन घ्यायचो. एक बाजू भाजतेय, बोटं काचेवर गार पडतायत.

टिवल्याबावल्या

बॉयलरवाले दादा, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. टिवल्या बंद करून वाचला.

सोडालिंबू

माझा उलटा अनुभव. ठाण्यात मुलाबरोबर १ ग्रॅम खायच्या सोड्यावर भरपूर लिंबू पिळलं, वायू पाण्यावर जमवला. तुमच्या सगळ्या दुरुस्त्या लावल्या तर ३१० मिली यायला हवा, आला जेमतेम २३०. दोनदा केलं. गळती नाही, साबणाचं पाणी लावून बघितलं.

तर्कट

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो हो. २५ अंशाला १ लिटर पाण्यात पाऊण लिटर मावतो. हायड्रोजन त्याच पाण्यात २० मिली सुद्धा मावत नाही, म्हणून रानजाईंचं निभावलं. तुमच्या ८० मिलींतले काही लिंबाच्या रसातच राहिले, बाकीचे नळीतून येताना पाण्याने घेतले.

जुनेपुराणे

सोडालिंबू, तुमचं नावच तुमच्या चुकीचं उत्तर आहे. 🙂 ज्या गुणामुळे सोडावॉटर बनतं त्याच गुणाने तुमचा वायू पळवला. जोसेफ प्रीस्टलीने दारूभट्टीच्या पिंपांवर साचणारा हाच वायू पाण्यात मुरवून बघितला आणि १७७२ मध्ये तसं पाणी करायची कृती छापली. त्याआधी स्टीफन हेल्स, १७२७ च्या सुमारास, वायू पाण्यावर जमवत होता. प्रीस्टलीने पाण्यात विरघळणारे वायू जमवायला पाण्याऐवजी पारा घेतला, आणि अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड पहिल्यांदा बाटलीत धरून ठेवता आले.

आणि रानजाईताई, तुमच्या लेकीचा प्रयोग हेन्री कॅव्हेंडिशच्या घराण्यातला आहे. १७६६ मध्ये त्याने जस्त, लोखंड, कथील यांवर आम्ल टाकून निघणारी "ज्वालाग्राही हवा" मोजली आणि कोणता धातू किती देतो ते ताडलं. पुढे १८०८ मध्ये गे-ल्युसॅकने दाखवलं की वायू एकमेकांशी साध्या पूर्णांकी आकारमानांत जुळतात, २ हायड्रोजनला १ ऑक्सिजन. १८११ मध्ये आव्होगाद्रोने त्याचा अर्थ लावला: सारखं तापमान, सारखा दाब, सारखं आकारमान, तर रेणूही सारखेच. सारखा दाब हे दोन शब्द हवामानाच्या साइटवर हरवतात, अटकेपार म्हणाले तसे.

मातीमाय

मी माती परीक्षणात आहे, नाशिककडे. सोडालिंबूंसाठी आणि रानजाईंसाठी एक वेगळी वाट सांगते, यात बॅरोमीटरच लागत नाही.

द्राक्षबागायतदार मातीतला मुक्त चुना विचारतात. १० टक्क्यांच्या वर गेला की वेलीला लोह मिळेनासं होतं, कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुना मोजायचं एक साधन कॅल्सिमीटर. बाटलीत माती, आत छोट्या नळकांडीत आम्ल, बाटली कलती केली की आम्ल सांडतं, वायू निघतो आणि शेजारच्या खुणांच्या नळीत पाणी सरकतं.

दाब किती, तापमान किती, थोडा वायू विरघळला किती, या भानगडीत पडायचंच नाही. त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच बाटलीत आधी ०.१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट घ्यायचं. परवा त्याचे २६.५ मिली आले. मग १ ग्रॅम माती, तिचे ३४.५ आले. म्हणजे मातीत ०.१३० ग्रॅम चुना, १३ टक्के. हवा दोघांनाही तीच होती, पाणी तेच होतं, म्हणून सगळं कटून जातं.

एक मात्र सांभाळायचं, बाटली मुठीत धरायची नाही. गळ्याला दोन बोटांनी. २५० मिली हवा हाताच्या उबेने ३ अंश तापली तर अडीच मिली फुगते, आणि शेतकऱ्याच्या मातीत नसलेला जवळजवळ १ टक्का चुना कागदावर चढतो. नवीन मुलींना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते.

अटकेपार

मातीमाय, दंडवत. दोन परिच्छेदांत सगळं मोजमापशास्त्र.

रापलेला

गॅस वेल्डिंगचं वर्कशॉप होतं आमचं. कार्बाइडचा दर्जासुद्धा असाच ठरतो, १ किलोतून किती लिटर अॅसिटिलीन. शुद्ध असेल तर ३५० च्या आसपास, बाजारातल्याचे ३०० ही मिळाले तर चांगला माल. ओल लागलेला डबा लगेच कळायचा.

टिवल्याबावल्या

कार्बाइड म्हटलं की मला आंबा आठवतो आणि राग येतो. त्याने फळ पिकवायला बंदी आहे तरी...

रापलेला

रागात सामील. पण आंब्याचा धागा वेगळा काढा, इथे काढलात तर हापूस-पायरीवर जाऊन मूळ मुद्दा बुडेल.

काळजीवाहू

मध्येच एक. घरी करणाऱ्यांनी डोळ्यांना चष्मा लावा, हायड्रोजन जमवताना जवळ गॅस किंवा निरांजन नको, आणि वायू निघणारी बाटली कधीही घट्ट बंद करू नका. सोडा-लिंबाच्या बाटल्या फुटलेल्या पाहिल्या आहेत.

स्वल्पविराम

मूळ दुखण्यावर कुणी बोललंच नाही. "३७ लिही" हे. मी पण असाच शिकलो. उत्तर आधी, वाचन मागून. आमच्या बॅचमधल्या सगळ्या जर्नलांत एकच आकडा, शेवटच्या दशांशापर्यंत. त्या आकड्याने आम्हाला काहीच शिकवलं नाही. या मुलीने ३७ लिहिलं असतं तर पुण्यात हवा विरळ आहे हे तिला तिच्याच ब्युरेटने सांगितलेलं ऐकूच आलं नसतं.

कोयनाकाठ

सहमत. शिक्षकांची बाजू एवढीच की ४० मुलं, २ तास, एक तराजू, आणि तपासणारे आकडा बघतात. पण ती अडचण मुलीच्या जर्नलवर का लादायची? ताई, खरं वाचन लिहा आणि खाली दुरुस्तीचं गणित जोडा. तोंडी परीक्षेत मी असतो तर त्या पानावरच थांबलो असतो.

गजरेवाली

काका, केलं! उघडून बरेच महिने झालेली औषधाच्या दुकानातली बाटली. १७ मिली आले, तुमचा १ वजा, १६.

कोयनाकाठ

१६ भागिले २३ गुणिले २०, म्हणजे जवळपास १४ व्हॉल्यूम. उतरली आहे. आता नवीन बाटलीचंही एकदा बघा, म्हणजे मातीमाय म्हणाल्या तशी शेजारी शेजारी तुलना होईल.

गजरेवाली

नवीनचे २४ वजा १, २३. डोळ्यात पाणी आलं हो काका. दहावीत विज्ञानाने फार छळलं होतं.

रानजाई (पुढचा रविवार)

उशीर झाला, पण पुन्हा सगळं नीट करून आले.

बादलीत पातळी मिळवून, दहा मिनिटं थांबून: ४५.१. तर्कट, तुमचा आकडा तंतोतंत! म्हणजे ४५.८ ला ०.७ कमीच. मग लेकीने फीत निरखली. ती चकचकीत नव्हती, करडी होती. हवेत राहून वर ऑक्साइड धरलं होतं. त्याचं वजन आम्ही मॅग्नेशियम म्हणून मोजत होतो, पण आम्लात त्यातून हायड्रोजन निघत नाही. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू घासल्या, चांदीसारखी निघाली. परत सोनारकाकांकडे: ५० सेंटिमीटर ०.४९२ ग्रॅम. ४ सेंटिमीटर म्हणजे ०.०३९४. त्याच दाबाला, तापमानाला अपेक्षा ४५.१. आला ४५.०.

जर्नलमध्ये पहिले ४५.५ सुद्धा ठेवलेत, खोडलेले नाहीत. शिक्षकांनी पानं उलटून बघितली, "दाब कुठून आणला?" विचारलं, आणि मोबाइलवरचा आकडा स्वतःच्या फोनवरही बघून आले. सही केली.

आता तिचा नवा प्रश्न: आम्ल दुप्पट तीव्र घेतलं तर?

तर्कट

वायू तेवढाच. फीत संपली की हायड्रोजन संपला. फक्त लवकर येईल. वेळेप्रमाणे मोजा, दर ५ सेकंदांनी.

रानजाई

केलं. या वेळी कोनिकल फ्लास्क आणि नळी, वायू ब्युरेटमध्ये. मी घड्याळ, ती वाचन, भाऊ लिहायला. १ मोलर (लिटरला १ मोल) आम्लाला ८० सेकंदांहून जास्त, २ मोलरला २५ च्या आत. एक वाट चढणीची, एक कड्यासारखी, आणि दोन्ही एकाच उंचीला जाऊन आडव्या.

फक्त २ मोलरचा आलेख आधी ४६ च्या वर जाऊन मग हळूहळू ४५ ला उतरला. फ्लास्क हाताला कोमट लागत होता, आतली हवा तापून फुगली असणार. लेक विचारते, तो उंचवटा जर्नलमध्ये काढायचा की सरळ रेषा मारायची?

कोयनाकाठ

काढायचा. आणि पुढच्या वेळी फ्लास्क पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवा, आत एक थर्मामीटर. तो उंचवटा किती अंशांचा आहे ते तिला स्वतःच काढता येईल.

मातीमाय

गळ्याला दोन बोटांनी धरायचा, सांगा तिला.